वकिलीची प्रात्यक्षिके तालुका न्यायालयाशी जोडण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे.

विषय : विधी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वकिलीची कौशल्ये शिक्षणकाळातच मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे अहिल्यानगर जिल्ह्यातील विधी विद्यार्थी व कनिष्ठ वकील सविनय निवेदन सादर करतो की, सनद हाती आली तरी पहिला पक्षकार समोर बसला की आमची पंचाईत होते.

आमच्यातील एका सहकाऱ्याकडे ऊसतोडीच्या तोंडावर एक शेतकरी आला. शेजाऱ्याने वहिवाटीची वाट नांगरल्याने ट्रॅक्टर फडात जाईना. परीक्षेत प्रथम श्रेणी मिळवलेल्या सहकाऱ्याने थेट दिवाणी मनाईचा दावा लिहायला घेतला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत, हे त्याला शेजारच्या टेबलावरील कारकुनाने सांगितले. तोवर पाच महिने उलटले होते. गाव नकाशातील तुटक रेषा म्हणजे वाट, हेही त्याला तेव्हाच कळले.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत प्रात्यक्षिक शिक्षणाची तरतूद आहे. अभिरूप न्यायालयाच्या विषयात ३० गुण दोन खटल्यांच्या निरीक्षणाला, तर ३० गुण पक्षकाराची मुलाखत व दाव्याच्या पूर्वतयारीला आहेत. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची आहे. तेव्हा नवा विषय वाढवावा, असे आमचे म्हणणे नाही. आहेत त्या गुणांमागे खरे काम असावे. दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा आवश्यक ठरवल्याने ही निकड वाढली आहे.

आमच्या मागण्या :

१. खटल्यांचे निरीक्षण विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या न्यायालयात करावे. नोंदवहीत तारखेनिहाय कामकाज लिहून ती शिक्षकांनी तपासावी.

२. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे वादपत्र, कैफियत, शपथपत्र, जामीन अर्ज व नोटीस यांचा सराव मराठीतूनही घ्यावा.

३. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा व खरेदीखत वाचण्याची कार्यशाळा महसूल व भूमी अभिलेख अधिकाऱ्यांच्या मदतीने दरवर्षी घ्यावी.

४. ई-फायलिंग, तसेच मोबाइलमधील चित्रफीत पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली लागणारे प्रमाणपत्र, हे प्रत्यक्ष करून घ्यावे.

५. अकोले, जामखेडसारख्या दूरच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना गावाजवळच इंटर्नशिप करता यावी, यासाठी इच्छुक ज्येष्ठ वकिलांची तालुकानिहाय यादी करावी.

पुढील शैक्षणिक वर्षापूर्वी प्राचार्य, वकील संघ व विद्यार्थी यांची संयुक्त बैठक अहिल्यानगर येथे बोलवावी, ही विनंती. आम्ही नोंदवह्या व मसुद्यांचे नमुने घेऊन हजर राहू.

आपले विश्वासू,
विधी विद्यार्थी व कनिष्ठ वकील,
अहिल्यानगर जिल्हा
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी :
१. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई
२. मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, अहिल्यानगर