कारागिरी कोणाची, गुन्हा कोणाचा?

वर्ष सरू लागले की मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांतून हल्ली एक नवी यादी वाचावयास मिळते : वर्षभरात चाखलेल्या उत्तम बिअरची. मोठ्या कारखान्यांच्या एकसाची मालाऐवजी थोड्या प्रमाणात, स्थानिक चव राखून बनविलेली ही बिअर. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली आणि तेव्हापासून ही आवड शहरी मध्यमवर्गात चांगलीच रुजली. तिच्या कर्त्यांना कारागीर म्हणतात, त्यांना रीतसर परवानेही मिळतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ही यादी वाचताना आम्हांस सिल्वासा आठवते.

दादरा व नगर हवेलीत, २०११ च्या जनगणनेनुसार, निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, धोडिया समाजांत ताडी ही केवळ चैनीची वस्तू नव्हे. लग्नकार्यात आणि देवकार्यात तिला मानाचे स्थान आहे. झाडावरून उतरविलेला रस हवेतील यीस्टमुळे काही तासांतच आंबू लागतो. जवाच्या बिअरमध्येही आंबण्याचीच क्रिया घडते, आणि मादकतेतही दोहोंत फारसे अंतर नाही. मोहाची दारू गाळावी लागते. म्हणून तिचे नाते बिअरशी नसून गोव्याच्या फेणीशी आहे. त्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान लाभला. उलट पलीकडे पालघर जिल्ह्यात परवान्यावाचून मोह गाळणारा आदिवासी आरोपी ठरतो.

हा भेद जुनाच आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या हाती गेली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावरही निर्बंध आले. सरकारी तिजोरी भरली आणि आदिवासी दारूच्या दुकानदाराचा ऋणको झाला.

याचा अर्थ दारूने आदिवासींचे नुकसान केले नाही, असा कोणी काढू नये. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतून निघालेली ‘देवी’ची चळवळ डोंगरपट्टीतून सुरत जिल्ह्यापर्यंत पोहोचली. दारू-ताडी सोडा, असा तिचा आदेश होता आणि हजारो आदिवासींनी तो मानला. कोणा अधिकाऱ्याच्या हुकमावाचून स्वतः घेतलेला तो निर्णय होता. पिणे वा सोडणे, हे ठरविण्याची कुवत या समाजात आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

सिल्वासाची आजची अडचण नेमकी येथे आहे. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी असल्याने वापीच्या बाजूने येणाऱ्या गिऱ्हाइकांवर येथील बाटलीबंद दारूची दुकाने भरभराटतात. दुकान कोठे असावे, याविषयी वाडीवरील स्त्रीचे मत विचारण्याची कायदेशीर सक्ती नाही. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीचे नियमन करण्याचा वा ती बंद करण्याचा अधिकार दिला. तलासरी-डहाणूच्या वारल्यांना तो मिळतो. सीमेअलीकडील त्यांच्याच सोयऱ्यांना मिळत नाही, कारण हा केंद्रशासित प्रदेश पाचव्या अनुसूचीत नाही.

पाड्याला नको असेल तर दुकान हटावे. हवी असेल तर ताडी काढणाऱ्यांची सहकारी संस्था व्हावी, तिला परवाना मिळावा आणि भेसळीची कडक तपासणी व्हावी. केरळात ताडी कामगारांच्या अशा संस्था आहेतच. केंद्र सरकारने या प्रदेशातील ग्रामसभांनाही तोच अधिकार द्यावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. शहराला आपली आवड निवडण्याची मुभा मिळाली. तीच सिल्वासाच्या पाड्यांना नाकारण्याचे सयुक्तिक कारण आम्हांस दिसत नाही.