गोलरक्षिकेच्या पाठीशी कोण?

चंडीगढच्या सेंट स्टीफन्स शाळेत २००० साली आठ वर्षांचा एक मुलगा फुटबॉल शिकू लागला. पुढे तो भारताचा गोलरक्षक झाला, २०१४ साली नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला आणि २०१६ साली युरोपा लीग स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. गुरप्रीत सिंग संधू यांच्या या यशाचा चंडीगढला अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. संधू यांचा जन्म १९९२ चा. त्याच वर्षी चेन्नईत जन्मलेल्या आणि दिल्लीत वाढलेल्या अदिती चौहान याही देशाच्या गोलरक्षक झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे संधू यांच्या त्या पराक्रमाच्या एक वर्ष आधी, वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघातून खेळून इंग्लंडच्या लीगमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. जुलै २०२५ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. या दोन कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे आपल्या क्रीडाव्यवस्थेचे खरे स्वरूप उघड होते.

संधू युरोपात गेले ते व्यावसायिक खेळाडू म्हणून. चौहान इंग्लंडला गेल्या त्या विद्यार्थिनी म्हणून. लफबरो विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेत असतानाच त्यांनी क्लबाचे दार ठोठावले. त्यांचा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि पहिल्याच सामन्यात तो ०-५ असा हरला. तरीही त्यांनी आपली जागा सोडली नाही. २०१६ आणि २०१९ साली दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या. मात्र ज्या जिद्दीचे आपण कौतुक करतो, त्या जिद्दीवर एवढा भार का पडावा, हा प्रश्न विचारणे अधिक अगत्याचे आहे.

स्त्रियांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, म्हणून पैसा नाही, असे उत्तर नेहमी दिले जाते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे डिक-कर या युद्धसाहित्याच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी संघ उभारला होता. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार लोक लोटले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ही बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली. म्हणजे तेथे प्रेक्षकांनी पाठ फिरविली नव्हती. मैदानच काढून घेतले गेले होते.

आपल्याकडे अशी उघड बंदी घालावी लागली नाही. उपेक्षेनेच ते काम केले. १९७५ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९८० आणि १९८३ साली आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता. त्याच देशाच्या महिला संघाचे नाव २००९ साली, पुरेसे सामने न खेळल्यामुळे, जागतिक क्रमवारीतून वगळले गेले. पुरुषांची इंडियन सुपर लीग २०१४ साली थाटात सुरू झाली. स्त्रियांच्या लीगचा पहिला मुख्य टप्पा २०१७ साली सहा संघांत, एकाच शहरात, काही आठवड्यांत उरकला गेला. घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर सामने होण्यास २०२३-२४ चा हंगाम उजाडावा लागला. गोलरक्षणाची कला सामने खेळूनच अंगी बाणते. सामनेच नसतील, तर गोलरक्षक घडणार कसे?

जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषक स्पर्धा महाराष्ट्रात झाली. २० जानेवारीला नवी मुंबईत इराणविरुद्ध चौहान गोलपोस्टमध्ये उभ्या होत्या. सामना ०-० असा सुटला. त्यानंतर संघात कोरोनाचा फैलाव झाला. २३ जानेवारीच्या सामन्यासाठी आवश्यक ते १३ खेळाडू उभे करता आले नाहीत. यजमान देशच स्पर्धेतून बाद झाला आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. चौहान यांनी ज्या गोकुलम केरळ संघाकडून दोनदा राष्ट्रीय लीग जिंकली होती, तो संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला असताना त्याला न खेळताच परतावे लागले. कारभार करणाऱ्यांच्या भांडणाची शिक्षा खेळाडू स्त्रियांनी भोगली.

२०२३ साली महासंघाने ठरविले की महिला लीगमधील क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा. खेळ हे श्रम आहेत आणि श्रमाला मोल आहे, हे यात निदान तत्त्वतः मान्य झाले, याचे स्वागत केले पाहिजे. परंतु ही रक्कम महिन्याला २७ हजारांहूनही कमी होते. शिवाय सामन्याला अकरा खेळाडू लागतात आणि हमी दहांचीच आहे. प्रत्येक संघ दोन-तीन गोलरक्षिका बाळगतो, त्यांपैकी एकीलाच मैदानात जागा मिळते. दुसरी आणि तिसरी या दहांत बसतील याची हमी कोण देणार? गुडघा दुखावला तर तो हंगाम त्यांनी कशाच्या आधारे काढावा? चौहान यांनाही अशा गंभीर दुखापतींतून उठावे लागले होते.

चंडीगढ ही पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी. याच हरियाणातील अलखपुरा या खेड्यातील मुलींचा संघ देशाच्या पहिल्या महिला लीगमध्ये उतरला होता. याच पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याच्या मनीषा कल्याण २०२२ साली युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या या मुलुखात गुणांचा दुष्काळ नाही. सरकारी मैदानांवर मुलींना मुलांइतकाच वेळ, शाळेतून प्रशिक्षक, संघातील प्रत्येक खेळाडूला करार आणि दुखापतीच्या काळातही वेतन, एवढे मिळाले पाहिजे. निवृत्त गोलरक्षिकेचा सत्कार करणे सोपे असते. तिच्यामागून येणाऱ्या मुलीला पुढच्या हंगामाची शाश्वती देणे, हेच शासन आणि महासंघ यांचे कर्तव्य आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे हे लोकांचे काम आहे.