आधी गेज, मग गोळी

“थ्री-नॉट-थ्री? भंगार आहे ते!” हॉस्टेलमध्ये हा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. कारणही ठरलेलं असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर अतिरेक्यांकडे एके-४७ होत्या आणि आपल्या पोलिसांपैकी काहींकडे थ्री-नॉट-थ्री, तर काहींकडे नुसती लाठी. तुलना खरीच आहे. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायला लावणारी रायफल तिथे कमीच पडणार. १९६२ च्या चीन युद्धातही हेच दिसलं होतं. तरी ती पोलिसांच्या खांद्यावर राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. पण हा उशीर निर्णय घेणाऱ्यांचा, रायफलचा नव्हे.

मित्रांनो, “जुनी झाली” आणि “भंगार झाली” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. यातलं दुसरं वाक्य इंजिनिअरने मापल्याशिवाय बोलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही ली-एनफिल्ड रायफल, तिचं मार्क-थ्री मॉडेल १९०७ सालचं. आपल्याकडे ती बंगालमधल्या इशापूरच्या फॅक्टरीत बनायची. एनसीसीत ड्रिलसाठी मिळते तिच्यावर ‘डीपी’ असा शिक्का असतो. म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. तिच्यातून गोळी झाडायचीच नाही. फायरिंगला आम्हाला पॉइंट टू-टू देतात. त्यामुळे डीपी हातात आली की प्रत्येक कॅडेटच्या मनात एकच प्रश्न येतो : हिच्यातून एक राउंड मारता आला तर?

उत्तर आर्मोरर देतो, आणि ते आपल्या मेट्रॉलॉजीच्या जर्नलमधलंच आहे. आधी तो बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते बघतो. बोल्ट त्या-त्या रायफलला हाताने बसवलेला असतो. दुसरीचा बोल्ट घातला तर तो आत जाईलही, पण मागच्या आधारांवर नीट टेकेल याची खात्री नाही. मग हेडस्पेस. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कडा असते. त्या कडेसाठी बोल्टचं तोंड आणि बॅरलचं बूड यांच्यामध्ये जी जागा सुटते, ती हेडस्पेस. ६४ हजारांश इंचाच्या गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ७४ हजारांशच्या नो-गोवर होता कामा नये. जागा जास्त असेल तर पितळी केस ताणली जाते, बुडाजवळ तुटते आणि गरम गॅस झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटरने सुटते. अर्धा एम व्ही स्क्वेअर करून बघा, तीन हजार ज्यूलच्या वर जातं. दहा हजारांश इंचाचा हा खेळ आहे. व्हर्नियरचं रीडिंग शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवणाऱ्यांनी (कोण ते सांगत नाही) याचा विचार करावा.

आता दुरुस्ती. जुनी वस्तू दिसली की आपला हात पॉलिश पेपरकडे जातो. इथे तसं केलं तर लाकडावरचे शिक्के आणि लोखंडाचा मूळ रंग दोन्ही गेले. लाकडाला जवसाचं तेल थोडं थोडं चोळायचं, घाई करायची नाही. बॅरलचं शास्त्र तर आणखी गमतीचं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते हवेतला ओलावा ओढतं आणि बॅरल आतून गंजते. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून सैनिक आधी उकळतं पाणी ओतायचे, बॅरल कोरडी करायचे आणि मग तेल द्यायचे. आपल्या कुळगावच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत हे मीठ काय करेल, ते हॉस्टेलच्या खिडक्यांचे गज बघून समजा! आणि उलटही खरं. साफसफाईची दोरी तिरकी ओढत राहिलं तर बॅरलच्या तोंडाशी खाच पडते आणि नेम बिघडतो. कितीतरी बॅरली गोळ्यांनी नव्हे, अशा निष्काळजी सफाईने वाया गेल्या.

एवढं करूनही पहिली गोळी कोणी खांद्याला लावून झाडत नाही. रायफल घट्ट बांधायची, आडोशाला जायचं, दोरीने ट्रिगर ओढायचा. मग रिकामी केस बघायची. बुडाच्या थोडं वर चकाकती रेघ दिसली, तर केस तिथे तुटायच्या बेतात आहे. रायफल परत रॅकवर.

हे सगळं घरी करायचं नाही, हेही स्पष्ट लिहितो. थ्री-नॉट-थ्री ही प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला ती ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशांनाच. गावच्या वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक सापडली तर तेल घालून “बघू चालते का” करू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा.

मग आपण काय करायचं? दोन स्टेशनंही लांब नाही ते अंबरनाथ. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांचे पितळी भाग बनतात आणि शेजारीच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडलं आणि दोन्ही वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेल्या. पाट्या बदलल्या, पण तिथे आयुष्यभर गेज हातात धरलेले काका आपल्या आसपासच्या सोसायट्यांत राहतात. त्यांनी रायफली बनवल्या नसतील, पण हजारांश इंच म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. हे ज्ञान कुठल्याही पीडीएफमध्ये नाही आणि ही माणसं आता सत्तरी ओलांडताहेत.

म्हणून वर्कशॉपच्या सरांना आणि एनसीसीच्या अधिकाऱ्यांना विनंती : एक दुपार ठरवा. परवानगी घेऊन एक डीपी रायफल आणि युनिटचा आर्मोरर, एखादे निवृत्त काका, आणि आमच्या हातात गेज. गोळी नको, फक्त माप. पावसाळ्याआधी जमलं तर उत्तम. आणि ज्यांना अजूनही “भंगार” म्हणायचं असेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावं, फक्त रीडिंगसकट.