‘आमच्या वेळी’ म्हणण्याआधी

गाडीत बसल्याबसल्या लेकीने दप्तर मागच्या सीटवर भिरकावलं. “केमिस्ट्रीचे सर मुद्दाम करतात गं आई!” लॅब रिपोर्टवर लाल शाईत शेरे होते : युनिट नाही, सिग्निफिकंट फिगर्स चुकल्या. शिवाय वहीत व्हाइटनर लावला म्हणून अख्खं पान परत लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, हा सरांचा नियम.

“आमच्या वेळी तर छड्या खायचो,” हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या येतं. पण आपण राहतो त्या न्यू जर्सीत शाळेतला मार १८६७ सालीच कायद्याने बंद झाला. भारतात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करणारा शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये, आपली शाळा संपल्यावर. हातावर वळ उठले तरच शिक्षक कडक, हे आपलं माप. मुलांचं दुखणं त्यात बसत नाही, मग आपण ते उडवून लावतो आणि मूल पुन्हा काही सांगायला येत नाही.

तक्रार ऐकताच रात्रीच प्रिन्सिपॉलना ईमेल करणारे पालकही मी पाहिलेत. मला तेही पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं, की आपलं आपल्याला बोलता येत नाही.

आधी पूर्ण ऐकून घ्यावं. मग नेमकं विचारावं : सर कोणत्या शब्दांत बोलले? सगळ्यांना की तुलाच? कामाबद्दल की तुझ्याबद्दल? “युनिट लिही” हा कडकपणा झाला. वर्गासमोर नावाची किंवा उच्चारांची टिंगल हा अपमान, आणि तिथे मुलाला एकट्याने निभावायला सांगू नये. तारीख आणि शब्द टिपून आईवडिलांनी त्याच आठवड्यात कौन्सेलरना गाठावं. भिडेखातर गप्प बसणं मला अक्षम्य वाटतं.

लेकीचा प्रकार कडकपणाचाच निघाला. तरी तिचं रडू खरं होतं, आणि ते मी तिला बोलून दाखवलं. सरांना ईमेल तिनेच लिहिली. मी फक्त ‘अनफेअर’ हा शब्द काढायला सुचवलं. शाळा सुटल्यावर सरांनी तिला बसवून समजावलं, की रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, कधीकधी खोडलेलाच बरोबर निघतो.

गुण काही परत मिळाले नाहीत. त्या संध्याकाळी ती पुन्हा चिडली, आणि मी गॅस बारीक करून पुन्हा ऐकायला बसले.