उडी मारण्याआधी: नेपाळची सहल ठरवताना

घरात नेपाळचा विषय निघाला की एका सहलीच्या चार सहली होतात. आजीला पशुपतिनाथ आणि जमलंच तर मुक्तिनाथ हवं असतं. आईला पोखराचा तलाव हवा असतो, बाबांना गेंडा बघायचा असतो. आणि घरातल्या कॉलेजवाल्याने बंजी जंपिंगचा व्हिडिओ आधीच फॅमिली ग्रुपवर टाकलेला असतो, ज्याखाली मावशीचा एकच मेसेज येतो, ‘अजिबात नाही.’

गंमत म्हणजे हे सगळं एका आठवड्याच्या सहलीत खरंच बसू शकतं. नेपाळची उत्तर-दक्षिण रुंदी जेमतेम दोनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात दक्षिणेची तराई समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहूनही खाली, तर उत्तरेला ८,८४८ मीटरचं एव्हरेस्ट. जगात आठ हजार मीटरवरची चौदा शिखरं आहेत, त्यातली आठ एकट्या नेपाळात किंवा त्याच्या सीमेवर. सकाळी वाघाच्या जंगलात आणि त्याच संध्याकाळी बर्फाच्या शिखरांसमोर चहा, असं करता येणारे देश फार नाहीत.

मात्र आपण भीतो भलत्याच गोष्टीला. म्हणून या वेळी ‘कुठे काय बघाल’पेक्षा ‘कुठे काय सांभाळाल’ यावर जरा जास्त बोलू या.

आधी बंजी, कारण घरातलं भांडण तिथेच असतं. काठमांडूपासून तीन-चार तासांवर, तिबेटच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भोटेकोशी नदीवर एक झुलता पूल आहे. तिथली उडी १६० मीटरची. पोखराच्या पश्चिमेला कुश्मा इथे काली गंडकीच्या दरीवर आणखी उंच, २२८ मीटरची उडी आहे. आकडे वाचूनच पोटात गोळा येतो. पण चांगल्या ठिकाणी ही उडी अगदी हिशोबाने मारली जाते. वजन करतात, त्यानुसार रबरी दोर निवडतात, पायाचा पट्टा आणि कमरेचा हार्नेस वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घेतात. इथे एकच विनंती, वजन खरं सांगा आणि त्यांच्या काट्यावर उभे राहायला लाजू नका. चारचौघांत चार किलो कमी सांगायची सवय लग्नाच्या हॉलमध्ये चालते, पुलावर नाही. दोर त्या आकड्यावर ठरतो.

आरोग्याच्या फॉर्मचंही तसंच. ब्लड प्रेशर, हृदयाचा त्रास, फिट येणं, पाठीचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काहीही असेल तर उडी नको. फॉर्मवर ‘नाही’वर टिक करणं सोपं असतं, मागे रांग असते, मित्र ओरडत असतात. म्हणूनच हा निर्णय घरून निघतानाच घ्यावा, पुलावर नाही. आणि वर गेल्यावर मन बदललं तर? परत या. पैसे बहुधा मिळणार नाहीत, एवढंच. उडी न मारणाऱ्याला पुढची दोन वर्षं चिडवणाऱ्या मित्रांबद्दल मला फारसं बरं बोलता येणार नाही.

आता खरी काळजी कुठे करायची ते. रस्त्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये पोखराहून काठमांडूला निघालेली भारतीय प्रवाशांची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. आत जळगाव जिल्ह्यातले भाविक होते. पंचवीसहून जास्त लोक गेले. त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. यांतल्या कुणीही उडी मारायचं ठरवलं नव्हतं. ते फक्त बसमध्ये बसले होते.

म्हणून जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत डोंगरातला लांबचा रस्ताप्रवास टाळता आला तर टाळा. स्वस्त पॅकेज नेमकं याच महिन्यांत मिळतं, ते का मिळतं हे लक्षात घ्या. इतर वेळीही रात्रीची बस घेऊ नका. गाडी ठरवताना एसी आहे का हे आपण पहिलं विचारतो. त्याऐवजी ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला होता का, दिवसाला किती तास गाडी चालवणार, टायर कसे आहेत, हे विचारा. त्याला राग आला तर येऊ दे. छोट्या विमानांचंही आहेच. डोंगरात हवा पटकन फिरते, आणि २०२२ व २०२३ मध्ये पोखराशी जोडलेले दोन मोठे विमान अपघात झाले. हवामानामुळे विमान रद्द झालं तर काउंटरवर आवाज चढवण्याऐवजी आभार मानावेत. त्यासाठी कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. ‘सहा दिवस सात ठिकाणं’ यात तो मोकळा दिवस कधीच नसतो.

पॅराग्लायडिंग हा मात्र घरातल्या बऱ्याच जणांना जमणारा प्रकार. पोखराशेजारच्या सारंगकोटच्या टेकडीवरून पायलटसोबत उडायचं, खाली फेवा तलाव, समोर माछापुच्छ्रेचं माशाच्या शेपटीसारखं शिखर, आणि अर्ध्या तासाच्या आत तलावाकाठी उतरायचं. तुम्हाला फक्त सुरुवातीला चार पावलं धावावं लागतं आणि मध्येच खाली बसायचं नाही. दुपारी वर जाणारी गरम हवा जोरात असते, विंग हलते, मळमळतं. पहिल्यांदा उडणाऱ्याने सकाळची वेळ घ्यावी. पायलटचा परवाना आणि राखीव पॅराशूट याबद्दल विचारायला संकोच करू नका. राफ्टिंग करायचंच तर कुटुंबासाठी त्रिशूली ठीक, भोटेकोशी उतावळी नदी आहे. पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा.

आता ट्रेक. इथे माझं मत जरा ठाम आहे. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांना वाटतं की आपण तयार आहोत. पाय तयार असतात, पण उंचीशी पायांचा संबंध नसतो. साधारण २,५०० मीटरच्या वर हवा विरळ झाली की डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपल्या शरीराला याची ओळखच नसते. आणि तरुण, फिट माणूस बऱ्याचदा जास्त अडकतो, कारण तो भरभर चढतो.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर लुक्लाचं विमान तुम्हाला थेट २,८०० मीटरच्या वर सोडतं. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. म्हणून मध्ये नामचे बाजारला एक जादा दिवस थांबतात. तो दिवस ‘वाया’ जात नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा साधा नियम आहे. डोकेदुखीसोबत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर औषध घेऊन उद्या बघू असं नाही; त्याच वेळी, रात्र असली तरी, खाली उतरायचं. हजार रुपयांचा परवाना फुकट गेला, ग्रुपचा फोटो अधुरा राहिला, यातलं काहीही तेव्हा महत्त्वाचं नसतं. डोंगरातले गाइड सारखं ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणत असतात. म्हणजे हळूहळू. नेपाळीतला हा शब्द ‘नमस्ते’च्या आधी शिकावा.

ट्रेकची चव घ्यायची, पण एवढी जोखीम नको, असं असेल तर घोडेपानी आणि पूनहिल बघा. सर्वांत उंच जागा ३,२१० मीटर, चार-पाच दिवस, वाटेत गुरुंग लोकांची दगडी घरं आणि वर पोहोचल्यावर पहाटेचं धौलागिरी-अन्नपूर्णा. दगडी पायऱ्या खूप आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करावा. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम आहे. नियम नसता तरी मी घ्या म्हटलं असतं. इन्शुरन्स काढताना पॉलिसीत किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का, ही दोन वाक्यं शोधून वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत साहसी खेळ बहुतेक वगळलेले असतात.

आणि आता बाबांचा गेंडा. चितवन हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ सालचं. १९८४ पासून जागतिक वारसा. दक्षिणेला ते थेट आपल्या बिहारच्या वाल्मीकी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, वाघ सीमा विचारत नाही. एकेकाळी हे राणा शासकांचं शिकारीचं रान होतं. तराईत मलेरिया इतका की बाहेरचा माणूस टिकत नसे. थारू लोक तेवढे पिढ्यानपिढ्या राहत होते. १९५०च्या दशकात डीडीटी फवारलं गेलं, मलेरिया हटला, डोंगरातून माणसं खाली आली, जंगल शेतात गेलं, आणि १९६०चं दशक संपताना चितवनमध्ये शंभराच्या आसपास गेंडे उरले. २०२१च्या मोजणीत नेपाळात ७५२ गेंडे निघाले, त्यातले ६९४ चितवनमध्ये. वाघ २००९ मध्ये १२१ होते, २०२२ मध्ये ३५५.

हे आपोआप झालं नाही. जंगलात लष्कराचा पहारा आहे, आणि उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के भाग भोवतालच्या गावांना मिळेल असा कायदा आहे. तुम्ही गेटवर भरलेल्या पैशातून कुठेतरी शाळेची भिंत किंवा शेताचं कुंपण उभं राहतं. पण वाघ वाढले म्हणजे गवताला गेलेल्या बाईच्या वाटेतही वाघ वाढले. पश्चिमेच्या बर्दियात वाघांच्या हल्ल्यांनी त्रासलेले लोक जून २०२२ मध्ये रस्त्यावर उतरले होते. आपण ज्याला ‘साइटिंग’ म्हणतो, ते तिथल्या घरांसाठी काय असतं, हे थारू होमस्टेमध्ये एक रात्र राहिलं तर जेवताना कळतं. रिसॉर्टमधल्या नाचाच्या कार्यक्रमात कळत नाही.

चितवनची खरी मजा जीपमध्ये नाही. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पात बहुतेक ठिकाणी गाडीतून उतरता येत नाही. इथे दोन गाइडसोबत पायी जंगलात जाता येतं. निघण्याआधी ते दोन मिनिटांचं भाषण देतात. गेंडा आला तर नागमोडी धावा किंवा झाडावर चढा, अस्वल आलं तर सगळे एकत्र गोळा व्हा, वाघ दिसला तर पाठ न दाखवता मागे सरका, आणि हत्ती आला तर पळा. लोक हसतात. हसू नका, ऐका, आणि लहान मुलांना व आजी-आजोबांना या चालीवर नेऊ नका. त्यांच्यासाठी राप्ती नदीतली डोंग्याची फेरी आहे. पहाटेच्या धुक्यात काठावर घडियाल, म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर, इतकी निश्चल पडलेली असते की आजोबा म्हणतील ‘लाकूड आहे’.

हत्तीवर बसायचं का? मी नाही म्हणेन. पिल्लाला आईपासून तोडून, साखळीत बांधून माणसाची सवय लावली जाते, तेव्हा कुठे तो पाठीवर चार पर्यटक घेऊन चालतो. मुलं हट्ट करतील. त्यांना एवढंच सांगितलं तरी ती सहसा ऐकतात. मोठ्यांना पटवायला जास्त वेळ लागतो.

दिसण्याच्या दृष्टीने फेब्रुवारी ते एप्रिल बरा. जानेवारीत गावकऱ्यांना काही दिवस गवत कापायची परवानगी मिळते, मग उंच गवत उरत नाही आणि प्राणी दिसतात. ट्रेक आणि उड्यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. गोरखपूर-सुनौली किंवा रक्सौलमार्गे रस्त्याने येणाऱ्यांना चितवन आधी लागतं, काठमांडू नंतर. त्यामुळे उत्तरेकडच्या शहरांत राहणाऱ्यांनी सहल उलट्या क्रमाने आखली तर बराच घाट वाचतो.

कागदपत्रांचं शेवटचं, कारण विमानतळावरून परत येणारी कुटुंबं यातच अडकतात. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाचं आधार कार्ड चालत नाही. मतदार ओळखपत्र अजून न काढलेल्या कॉलेजवाल्याचा पासपोर्ट आत्ताच बघून ठेवा. एक भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत असतात, शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. आणि पाट्या आपल्याच देवनागरीत असल्या तरी ‘भन्सार’ लिहिलेल्या जागी जेवण मिळत नाही. ते कस्टम्सचं ऑफिस आहे. स्वतःची गाडी घेऊन जात असाल तर तिचा कागद तिथेच करायचा असतो.