तीन लेकरांच्या आईचे नाव कोणी खोडले?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात कार्यकर्त्यांची बैठक झाली. येणाऱ्या स्थानिक निवडणुकीत अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवर कोणाचे नाव द्यायचे, हा विषय होता. एका तरुण मुलीने माझे नाव सुचवले. त्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताईंना आता तीन लेकरं झाली. त्या कायद्यात बसत नाहीत." कोणी काही विचारले नाही. नाव तिथेच खोडले गेले.

मी त्या बैठकीत नव्हते. बैठक रात्री साडेआठला होती. त्या वेळी माझी सात महिन्यांची जुळी मुले एकामागोमाग एक रडत होती आणि अडीच वर्षांची थोरली "मलापण कडेवर घे" म्हणत पदराला लोंबकळत होती. नवऱ्याची दुसरी पाळी होती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने फोन करून सगळे सांगितले.

आधी कायद्याचे बोलू. महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये झाली, तर ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच तरतुदीखाली एक स्पष्टीकरण आहे. एक अपत्य असलेल्या जोडप्याला पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली, तरी ती एकच धरली जातात. सरकारी नोकरीसाठीच्या 2005 च्या लहान कुटुंबाच्या नियमांतही हेच स्पष्टीकरण आहे. म्हणजे थोरली एक आणि जुळी मिळून एक. कायद्याच्या हिशेबात माझी अपत्ये दोनच.

मला निवडणूक लढवायचीच होती, असे नाही. कदाचित मीच नको म्हणाले असते. पण नको म्हणण्याचा अधिकार माझा होता. आणि खरे सांगायचे तर या कायद्याने मला बाद केलेच नाही. मला बाद केले ते बैठकीच्या वेळेने. मी तिथे असते तर दोन मिनिटांत कलम वाचून दाखवले असते. म्हणून हा लेख त्या ज्येष्ठांच्या चुकीबद्दल नाही. चूक कोणाकडूनही होते. पण ती दुरुस्त करू शकणारी बाई बैठकीला का नव्हती, हा प्रश्न मला आपल्या चळवळीपुढे ठेवायचा आहे.

दिवसाचा हिशेब

नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. जुळी असतील तर सोळा ते चोवीस वेळा. एका वेळेला वीस मिनिटे धरली, तरी नुसते पाजण्यातच पाच ते आठ तास जातात. यात ढेकर काढणे, लंगोट बदलणे, दुपटी धुणे, एकाला उलटी झाली म्हणून दुसऱ्याला खाली ठेवणे धरलेले नाही. जुळी मुले बहुधा दिवस पूर्ण भरायच्या आधी जन्मतात आणि वजनाने कमी असतात. माझीही तशीच झाली. पहिले काही आठवडे एकेकाला छातीशी उघड्या अंगावर बांधून ऊब द्यावी लागली. दोन बाळांना दोन छात्या लागतात. दुसरी छाती कधी सासूबाईंची होती, कधी नवऱ्याची. नवरा शर्ट काढून बाळाला छातीशी घेऊन बसलेला बघून बघायला आलेल्या बायका हसल्या. पण बाळाचे वजन वाढले.

आणि थोरली? ती अजून स्वतःच बाळ आहे. तिला वाटते, आईला दोघांनी पळवले. मी एकाला पाजत असताना ती दुसऱ्याच्या तोंडात चुरमुरा घालते. तिला रागवावे तर ती रडते, ती रडली की झोपलेला उठतो. हे दुःख म्हणून सांगत नाही. मुलांचे सुखही मोठे आहे. फक्त हे काम आहे, आणि ते किती तासांचे आहे, एवढेच सांगते आहे.

2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात देशभरातून हाच हिशेब आला होता. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, तर जे पुरुष घरकाम करतात ते 97 मिनिटे. घरातल्यांची देखभाल करण्यात बायकांची 134 मिनिटे जातात, पुरुषांची 76. हा फरक रोजचा आहे, आणि बैठका याच फरकातून चालतात. जो पुरुष रात्री साडेआठला मोकळा असतो, त्याला कोणीतरी मोकळे केलेले असते.

बाबासाहेबांनी हे खासगी मानले नाही

मी हे बोलले की लगेच ऐकायला मिळते, "ताई, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. चळवळीपुढे मोठे प्रश्न आहेत." हे वाक्य बाबासाहेबांच्या अनुयायाच्या तोंडी शोभत नाही.

1928 साली मुंबई कायदे मंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये तो कायदा झाला. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना खाणकामगार बायकांच्या प्रसूतिलाभ कायद्यातली दुरुस्तीही त्यांनीच मांडली. ज्या माणसाच्या हाताखाली धरणे, वीज आणि कामगार कायदे अशी अवाढव्य कामे होती, त्याला खाणीतल्या बाळंतिणीचा प्रश्न लहान वाटला नाही.

10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. त्यामागे विचार बाबासाहेबांचा होता. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, असा त्यातला युक्तिवाद होता. प्रस्ताव फेटाळला गेला. पण तो आणि आजचा दोन अपत्यांचा नियम यांतला फरक नीट समजून घ्या. बाबासाहेबांना साधने आणि निर्णय बाईच्या हाती द्यायचे होते. आजचा नियम बाईच्या हाती काही देत नाही. मुले किती हवीत हे ज्या घरात तिला कोणी विचारत नाही, त्या घरातली मुले मोजून तो तिचीच उमेदवारी काढून घेतो.

कायदा कोणाच्या दारात थांबतो

2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. चांगली गोष्ट आहे. पण ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांपुरती. एक मूल झाले काय आणि जुळी झाली काय, रजा तेवढीच. आणि जिला आधीची दोन मुले आहेत तिला 12 आठवडे, जणू तिसऱ्या बाळाला आईची गरज निम्म्याहून कमी असते. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे. आता आपल्या वस्तीतल्या बायका मोजा. धुणीभांडी करणाऱ्या, शेतमजूर, ऊसतोडीला जाणाऱ्या, कंत्राटी सफाई कामगार. यांपैकी कितीजणींच्या दारापर्यंत ही रजा आणि हे पाळणाघर येते?

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. 2017 ची मातृवंदना योजना आली तेव्हा ती पहिल्या मुलापुरती केली आणि रक्कम 5000 ठेवली. नंतर दुसऱ्या मुलासाठीही पैसे मिळू लागले, पण ते मूल मुलगी असेल तरच. कायदा म्हणतो प्रत्येक आई, योजना म्हणते अटी पूर्ण करणारी आई. हा संसदेने दिलेला हक्क आहे आणि तो खालच्या नियमांनी कापला जातो आहे. यावर आपण किती निवेदने दिली?

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचे पाकीट मिळते. म्हणजे आईला ज्या वयात मदतीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वयातले मूल सांभाळायला सरकारकडे जागा नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे. आपल्या गावात ते का नाही, हे विचारायला आपण एकदा तरी ग्रामसभेत उभे राहिलो का?

ही जागा नसते तेव्हा काय होते, ते माझ्याच घरात मी पाहिले. शेजारच्या बाईने आपली बारा वर्षांची मुलगी मदतीला पाठवली. मी नको म्हणायला हवे होते. मी चार दिवस नको म्हणाले नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती बाळाला मांडीवर झुलवत थोरलीला बाराखडी शिकवत होती, आणि शाळा सुरू होती. मुलींची गळती थांबवा म्हणून मी वस्त्यांमध्ये बैठका घेते. त्या दिवशी माझ्या घरातून एका मुलीची गळती सुरू झाली होती. मी तिला घरी पोचवले आणि तिच्या आईची माफी मागितली. एका बाईची सुटका दुसऱ्या, तिच्याहून गरीब मुलीच्या खांद्यावर टाकून होत असेल तर ती सुटका नाही. सवर्ण घरांनी आपल्या आया-बहिणींबरोबर पिढ्यान्‌पिढ्या हेच केले.

रमाईच्या नावाने

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. "आमच्या आयांनी बाळ बांधावर ठेवून शेतात काम केलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही." आणि मग रमाईचे उदाहरण येते.

रमाईबद्दल बोलताना माझा आवाज आजही कापतो. पण तिच्या त्यागाचे व्याख्यान देणाऱ्यांना एक विचारायचे आहे. रमाईची पाच मुले झाली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार गेली. एक यशवंत उरला. ती स्वतः 27 मे 1935 रोजी गेली. हे सगळे तिने सोसावे, अशी कोणाची इच्छा होती का? पुन्हा कोणत्याही आईवर ही वेळ येऊ नये, हा त्या आयुष्याचा अर्थ आहे. आपण मात्र त्यागाची व्याख्याने देतो आणि कार्यकर्तीला सांगतो, तूही सोस. बांधावरच्या बाळाला मुंग्या लागायच्या, ताप यायचा, कधी ते दगावायचे. आपल्या आयांनी तक्रार केली नाही, कारण ऐकायला कोणी नव्हते. आता आपण आहोत ना?

थेरीगाथेतल्या मुक्ता थेरीने उखळ, मुसळ आणि नवरा यांपासून सुटल्याचा आनंद अडीच हजार वर्षांपूर्वी नोंदवला. बुद्धाच्या परंपरेत बाईचे घरकाम हा मुक्तीच्या बोलण्याचाच भाग आहे. तो आपण वेगळा काढू नये.

मग करायचे काय

सरकारकडे मागणी करूच. जुळ्या-तिळ्यांसाठी वाढीव रजा, प्रत्येक आईला 6000, आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघर. पण काही गोष्टींसाठी सरकारची वाट बघायची गरज नाही.

आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत बुद्ध विहार आहे. रविवारची वंदना, पौर्णिमा, जयंती, वर्षावासातले वाचन सोडले तर बहुतेक विहारांना कुलूप असते. तिथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पाळणाघर का चालू नये? वस्तीतल्याच दोन बायकांनी ते चालवावे. त्यांना मानधन नको, पगार द्यावा. सेवाभावाच्या नावाखाली पुन्हा फुकट राबवणे नको. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च एका वर्षी वळवला, तर सुरुवात होऊ शकते. 1863 मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते स्वतःच्या घरी. आपल्याकडे तर बांधलेली इमारत आहे.

बैठका दिवसा घ्या, आणि बैठकीच्या जागी मुलांसाठी एक चटई, पाणी आणि पाळीने एक पुरुष कार्यकर्ता ठेवा. समता सैनिक दलाचे जवान लाखोंच्या गर्दीला शिस्त लावतात, त्यांना पाच लेकरे जड जाणार नाहीत. कार्यकर्ता निवडताना तो भाषण कसे करतो हे जसे बघतो, तसे त्याची बायको बैठकीला येऊ शकते का, हेही बघा.

आणि कोणाचे नाव खोडायच्या आधी तिला एक फोन करा.

पुढची बैठक मी पत्र लिहून रविवारी सकाळी अकराला, विहारात घ्यायला सांगितली आहे. अजून उत्तर आलेले नाही. उत्तर काहीही येवो, मी तिन्ही मुलांना घेऊन येणार आहे. मला दोनच हात आहेत. तेव्हा येणाऱ्यांपैकी एकाने एक मूल घ्यायची तयारी ठेवावी, म्हणजे कलम वाचून दाखवायला माझा एक हात मोकळा राहील.

नमो बुद्धाय, जयभीम.