कावळा, फांदी आणि घरांतला संगणक

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे कारण शोधण्यापूर्वीं मनुष्य शोधावयाचा, ही आपल्या कुटुंबांतली जुनी खोड आहे. घड्याळ बंद पडलें कीं शेवटची किल्ली कोणीं दिली याची चौकशी होते. बरणीला चीर गेली कीं ती शेवटीं कोणाच्या हातीं होती तें पाहिलें जातें. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, आणि दोष मात्र कावळ्याच्या माथीं बसतो. आपल्या पूर्वसूरींनीं यासच काकतालीय न्याय असें नांव देऊन ठेविलें आहे. आजच्या घरांत या न्यायाला सर्वांत अधिक बळी पडणारी वस्तु म्हणजे संगणक होय.

आमच्या नात्यांतील दौंडच्या एका एकत्र कुटुंबांत गेल्या वर्षीं असेंच झालें. माजघरांतला संगणक सकाळीं सुरू केला कीं पडद्यावर वर्तुळ फिरत राही. पुढें चित्र दिसलें तरी वीस-पंचवीस मिनिटेंपर्यंत एकहि काम होऊं नये. धाकट्या सूनबाई घरीं बसून एका कचेरीचें काम करीत; त्यासाठीं त्यांनीं पंधरवड्यापूर्वीं एक प्रोग्राम त्यांत घातला होता. दोष अर्थातच त्यांच्यावर आला. उघड कोणी बोललें नाहीं, पण जेवतांना "पूर्वीं असें नव्हतें हो" हें वाक्य रोज होऊं लागलें. बाजारांतल्या दुकानदारानें यंत्र न उघडतांच 'फॉरमॅट' हा उपाय सांगितला. फॉरमॅट म्हणजे पाटी स्वच्छ पुसणें! आणि त्या पाटीवर आजेसासूबाईंनीं सात वर्षें खपून जमविलेला कुलवृत्तांत होता. गांवोगांवच्या शाखांचीं नांवें, जुन्या सनदांचीं छायाचित्रें, सर्व कांहीं. तेव्हां शिरूरहून आमच्या पुतण्याला बोलावणें गेलें. हा रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. रविवारीं न्हावरें, चौफुला या वाटेनें तो दौंडास गेला व आम्हांसहि घेऊन गेला. त्यानें जें केलें तें कोणत्याहि घरीं करतां येण्याजोगें असल्यामुळें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम हें समजून घ्यावें कीं, संगणक सुरू होतो तेव्हां एकटा सुरू होत नाहीं. मूळ व्यवस्था जागी होतांच तिच्या पाठोपाठ अनेक लहानमोठे प्रोग्राम आपोआप उठतात. त्यांतले कांहीं डोळ्यांस दिसतात. कांहीं पडद्याआड राहून राबतात, त्यांस 'सर्व्हिस' म्हणतात. छपाईयंत्राचा एक, आवाजाचा एक, दूरभाषणाचा एक, अशी ही मंडळी असते. दौंडच्या वाचकांस उपमा हवी तर त्यांचें स्टेशनच आहे. पुणें, सोलापूर, मनमाड व बारामती अशा चार दिशांचे मार्ग तेथें मिळतात. चारी बाजूंच्या गाड्या एकाच क्षणीं एकच फलाट मागूं लागल्या तर इंजिनांत कांहींहि बिघाड नसतांना सर्व गाड्या सिग्नलाबाहेर उभ्या राहतील. ज्या संगणकांत फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असते, तेथें ही अडचण विशेष जाणवते.

आतां कारण कसें शोधावें? तर्कशास्त्र शिकलेल्यांस अन्वय व व्यतिरेक हे शब्द ठाऊक आहेत. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, जसा जलाशय, हा व्यतिरेक. एखादी वस्तु असतां दोष दिसतो आणि ती काढतां दोष जातो, अशा दोन्ही अंगांनीं पाहिल्यावांचून तिला कारण म्हणूं नये. संगणकाचे जाणकार ज्याला 'क्लीन बूट' म्हणतात तो हाच व्यतिरेक होय.

कृति अशी. आधीं महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवावा. परीक्षा चालेल तोंवर इंटरनेट तोडावें, कारण बाहेरचा अँटिव्हायरसहि या वेळीं झोपलेला असूं शकतो. मग विंडोजची कळ व आर ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटींत 'एमएसकॉन्फिग' हें नांव रोमन अक्षरांत लिहावें. उघडलेल्या खिडकींत 'सर्व्हिसेस' हें पान आहे. तेथें 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' या ओळीपुढें आधीं खूण करावी आणि नंतरच 'डिसेबल ऑल' दाबावें. हा क्रम चुकवूं नये. नाहींतर घरच्या पाहुण्यांबरोबर घरचा आधारखांबहि बाहेर काढल्यासारखें होईल. त्याच खिडकींतील 'बूट' या पानास हात लावूं नये. पुढें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि 'स्टार्टअप ॲप्स' या पानावरील प्रोग्रामांची नोंद ठेवून ते एकेक बंद करावे. यांत कांहींहि पुसलें जात नाहीं. केवळ आपोआप उठणें थांबतें. मग 'रीस्टार्ट' करावें. 'शट डाउन' पुरत नाहीं, कारण अनेक संगणकांत 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळें मूळ व्यवस्थेचा कांहीं भाग झोपेंतच जपून ठेवलेला असतो.

दौंडास एवढें करतांच यंत्र दोन मिनिटांत तयार झालें. म्हणजे डिस्क व मूळ व्यवस्था निर्दोष. दोष बंद केलेल्या सोळांत कोठें तरी. येथें बहुतेक लोक घाई करितात व ज्याच्यावर संशय त्याला काढून टाकून मोकळे होतात. पुतण्यानें तसें केलें नाहीं. त्यानें आठ सुरू केले, आठ बंद ठेविले: यंत्र ठीक. मग उलट केलें: तरीहि ठीक! सोळाहि सुरू करतांच मात्र रोग परत येई, हें आधींच ठाऊक होतें. याचा अर्थ एकच. दोष एकाचा नव्हता, दोघांच्या गांठीचा होता. मग एक गट कायम ठेवून दुसऱ्याचे आठाचे चार, चाराचे दोन, दोहोंचा एक असे भाग केले, व तसेंच पहिल्या गटाचें. एकंदर नऊ वेळां यंत्र पुन्हां सुरू करावें लागलें आणि एका दुपारींत निकाल लागला.

निघाले काय? छायाचित्रांची प्रत इंटरनेटवर नेऊन ठेवणारे दोन प्रोग्राम. एक थोरल्या चिरंजीवांनीं घातलेला, दुसरा परदेशीं असणाऱ्या नातवानें दुरून बसविलेला. दोघांनींहि कुलवृत्तांत सुरक्षित राहावा म्हणूनच. सकाळ होतांच दोघेहि तीच पेटी उघडून प्रत्येक चित्र तपासूं लागत आणि बिचाऱ्या जुन्या डिस्कला श्वास घेऊं देत नसत. एक ठेविला, दुसरा काढला. सूनबाईंचा प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्दोष होता. आजेसासूबाईंनीं सर्वांदेखत "तुझें कांहीं नव्हतें ग" असें म्हटलें, तें आम्हांस यंत्र सुधारण्याहून मोलाचें वाटलें.

काम झाल्यावर 'एमएसकॉन्फिग'मध्यें 'जनरल' या पानावर 'नॉर्मल स्टार्टअप' निवडावें, आणि जे प्रोग्राम खरोखर लागतात तेच 'स्टार्टअप ॲप्स'मध्यें पुन्हां सुरू करावे. सर्व बंद करूनहि दोष राहिला तर तो डिस्कचा किंवा मूळ व्यवस्थेचा समजून जाणत्याकडे जावें. यंत्र पडद्यापर्यंत पोंचतच नसेल तर 'सेफ मोड' ही निराळी वाट आहे. त्या वाटेवर कांहीं यंत्रें ४८ अंकांची किल्ली मागतात, ती घरच्या वहींत आधींच उतरून ठेवावी. दोन अँटिव्हायरसहि एका घरांत नांदत नाहींत. मात्र ते या बटणानें बहुधा बंद होत नाहींत, त्यांतला एक रीतसर काढावा लागतो. आणि फोनवरून "तुमचा संगणक आम्ही दुरून सुधारतों" असें आपण होऊन सांगणाऱ्यास उंबऱ्याच्या आंत घेऊं नये.

शेवटीं एवढेंच कीं, शेवटीं आलेला तो अपराधी, हा नियम ना यंत्राला लागू पडतो, ना माणसाला. काढून पाहावें, परत ठेवून पाहावें, आणि मगच बोलावें.